स्टेपनीचे चार नट

"ह्याला बंपर म्हनायचा व्हय?"

अण्णांनी माझ्या जीपचा मागचा बंपर काढून फरशीवर ठेवला होता आणि चपलेच्या टोकानं त्याला ढकलत होते. "आगं, ह्यो भाकरीचा डबा हाय. म्हशीनं शेपटी मारली तर चेपंल."

"म्हणून तर नवा आणलाय," मी म्हणाले. "आता जुन्याला किती शिव्या घालणार? तो काय उलट बोलतोय?"

"मालकिणीवर गेला न्हाय म्हंजी," अण्णा म्हणाले आणि दारात उभे असलेले हुसेनचाचा खो खो हसले.

पाटणला कऱ्हाड-चिपळूण रस्त्याला लागून अण्णांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली शहाबादी फरशी आणि गाडीखाली शिरायला एक खड्डा. एसटीच्या डेपोत फिटर म्हणून उभी हयात घालवल्यावर माणसानं घरी स्वस्थ बसावं, पण अण्णांना स्वस्थ बसणं हा आजार वाटायचा. शेजारच्या गाळ्यात हुसेनचाचांचं डेंटिंग-पेंटिंग. दोघांची मैत्री डेपोतली. आई गेल्यापासून अण्णा मागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि सकाळी देवाआधी गॅरेजचं शटर उघडायचे.

मी जनावरांची डॉक्टर. तेव्हा हेळवाकला होते आणि कोयनेच्या पाण्याकाठच्या वाड्यांवर फिरायचे. तिथं रस्ता हा शब्द फार मोठ्या मनानं वापरावा लागतो. दगडगोट्यांसाठी जीपला मोठे टायर घातले, तर मागच्या दारावर टांगलेली स्टेपनीही तशीच मोठी आली आणि तिच्या वजनानं दाराच्या बिजागऱ्या वाकल्या. दार लावायला मागं उभं राहून पाठीनं रेटा द्यावा लागे. एकदा एका वाडीतल्या म्हातारीनं मला तसं रेटताना पाहिलं आणि म्हणाली, "डॉक्टरीनबाई, गाडीबी आडली का काय?" त्या दिवशी ठरवलं, आता पुरे.

म्हणून हा जाड लोखंडी बंपर मागवला होता. त्याच्या एका टोकाला उभा खुंटा, खुंट्यावर फाटकासारखा फिरणारा दांडा आणि दांड्यावर स्टेपनी. म्हणजे सगळं वजन बंपरवर आणि बंपर थेट चासीला, गाडीच्या सांगाड्याला, जखडलेला. आधी दांडा उघडायचा, मग दार.

हे कारण खरंच होतं. पण खरं असलं तरी पुरं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी पुण्याहून माझ्या मोठ्या भावाचा, उदयदादाचा फोन आला होता.

"कांचन, अण्णांचं गॅरेज बंद करायला हवं."

"का? तुझ्या पुण्यात येऊन धूर सोडतंय का?"

"थट्टा नको. त्यांनी एका ट्रॅक्स जीपचं ऑइल काढलं आणि नवं न घालताच गाडी दिली. मल्हारपेठेपर्यंत जाऊन इंजिन बसलं. ड्रायव्हरचा मला फोन आला."

"वय झालंय. एखादी गोष्ट सुटते."

"मागच्या महिन्यात मी आलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, आई देवळातून आली का."

मलाही त्यांनी एकदा तेच विचारलं होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दादा, गॅरेज काढून घेतलंस तर ते महिन्याभरात जातील," मी म्हणाले. "मारायचंच असेल तर सरळ मार."

उदयदादा वाईट नाही. फक्त त्याला काळजी करताना साहेबासारखं बोलायची सवय आहे. तो म्हणाला, "ठीक. तू समोर बसून त्यांच्याकडून एक मोठं काम करून घे. आपण मधे बोट घालायचं नाही. नीट झालं तर मी परत गॅरेजचं नाव काढणार नाही. नाही झालं तर मी येऊन त्यांना पुण्याला नेणार. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी बंपरवाल्याला फोन लावला. अण्णांच्या हाताविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. दादाचं तोंड बंद करायला याहून चांगली संधी कुठली?

तर असे आम्ही मार्गशीर्षातल्या त्या सकाळी गॅरेजात होतो. मी स्टुलावर चहाचा पेला घेऊन, लाडावलेल्या आळशी लेकीसारखी. बाहेरून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत चालल्या होत्या आणि अण्णा खुशीत होते.

काय काम करत होते ते! जुन्या बंपरचे गंजलेले बोल्ट त्यांनी एकही न तोडता काढले. नंबरप्लेटच्या दिव्याची वायर तुटू नये म्हणून ती आधी सोडवून तिला गाठ मारली. चासीच्या टोकावरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून काढला आणि लाल रंगाचा हात दिला. मग नवा बंपर उचलायला हुसेनचाचांना हाक मारली.

"आरं बाबा, ह्यो बंपर हाय का रेल्वेचा रूळ?" चाचांनी एक टोक धरलं आणि त्यांचा श्वास अडकला. "ज्ञानू, तुझ्या पोरीनं आपल्याला मारायचा बेत केलाय."

"तू मेलास तर गाडी फुकट रंगवून घ्यायची र्‍हाईल. मरू नगंस," अण्णा म्हणाले.

बंपर बसला. कारखान्यातून आलेलं एक भोक दोराभर इकडं होतं, ते अण्णांनी कानशीनं घासून बरोबर केलं, ग्राइंडरला हात लावला नाही. डावखुरे होते. डाव्या हातात पाना धरून ते वाकले की शर्टाखाली पाठीचा मणका न् मणका दिसायचा. एवढे बारीक कधी झाले, असं मनात आलं आणि मी ते झटकून टाकलं. खुंट्यात त्यांनी बोटानं ग्रीस भरलं, बेअरिंग बसवलं, दांडा चढवला, एका बोटानं ढकलून पाहिला. दांडा आवाज न करता उघडला. अण्णा माझ्याकडे बघून हसले. लहानपणी माझी सायकल दुरुस्त केल्यावर हसायचे तसंच.

"बघ," ते म्हणाले. "देवघराचं दार तरी आसं उघडतं का?"

मी मनातल्या मनात दादाला फोन लावत होते.

आता राहिली स्टेपनी. दांड्यावर एक लोखंडी तबकडी बसवायची असते आणि चाक त्या तबकडीला. तबकडीचे चार बोल्ट दांड्याच्या आरपार आतल्या बाजूला येतात, तिथं त्यांना नट. चाकाचा सगळा भार त्या चार नटांवर. अण्णांनी तबकडी लावली, नट बोटांनी चढवले आणि मोठा पाना घ्यायला वळले. तेवढ्यात एक जीपवाला रस्त्यावरून ओरडला, "मिस्त्री, उद्या येऊ का क्लचला?" अण्णा बाहेर गेले, त्याच्याशी बोलले आणि परत आले. दांड्यापाशी क्षणभर उभे राहिले. मग वरच्या खिशातून पिवळ्या रंगाची बाटली काढली.

ती त्यांची डेपोतली सवय. नट पुरा आवळला की त्याच्यावर आणि खालच्या लोखंडावर मिळून एक पिवळी रेघ मारायची. नट ढिला पडून फिरला तर रेघ तुटते, लांबूनही दिसतं. ज्यानं आवळला त्यानंच रेघ मारायची, न आवळता रेघ मारायची नाही. अण्णांच्या लेखी तसं करणारा आणि देवळातली दक्षिणा चोरणारा गुरव सारखेच.

चार नट, चार रेघा. बाटली फळीवर ठेवून मग चाक चढवलं. मी स्टुलावरून टाळ्या वाजवल्या.

"झालं," अण्णा म्हणाले. "म्या वाईच पडतो. तू पन जेव."

ते मागच्या खोलीत गेले. मी नव्या बंपरवरून हात फिरवला, दांडा पुरा उघडला आणि परत लावला. टक.

फार बारीक आवाज होता. मी दांडा पुन्हा उघडला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं. टक. मी आतल्या बाजूला गेले आणि पहिल्या नटाला बोट लावलं.

तो बोटानं फिरला.

दुसराही, तिसराही, चौथाही. चारही नट नुसते चढवलेले आणि चौघांवर ओल्या पिवळ्या रंगाची नीटस रेघ.

मी खाली बसले. बाहेर ट्रॉलीवर कसलंसं लग्नाचं गाणं चाललं होतं. मी डोळ्यांसमोर आणायला लागले, अण्णांनी पाना घेतला होता का? घेतला असेल, मीच बघितलं नसेल. पण मी बघितलं होतं. मी त्याच कामासाठी तिथं बसले होते. तरी टाळ्या वाजवताना ते माझ्या ध्यानात आलं नाही, कारण अण्णा रेघ मारतात म्हणजे नट आवळलेला असतो. सूर्य उगवतो म्हणजे सकाळ होते, तसं ते होतं माझ्यासाठी.

उद्या मी कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाणार होते. कुठल्या तरी वळणावर ते अवजड चाक सुटलं असतं आणि मागून मोटरसायकलवर कुणी नवराबायको येत असते.

काय करायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही. मी मोठा पाना घेतला आणि चारही नट ताकदीनं आवळले. साहजिकच रेघा तुटल्या. थिनरच्या चिंधीनं मी त्या पुसून काढल्या, फळीवर ठेवलेली पिवळ्या रंगाची बाटली घेतली आणि चार नव्या रेघा मारल्या. रेघा चांगल्या आल्या.

मागं चाहूल लागली. हुसेनचाचा उभे होते. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा रिंग पाना होता.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"किती होते?" त्यांनी हळूच विचारलं.

"चारही."

त्यांनी मान हलवली. "तो झोपला की मी रोज येतो, बेटी. दिवाळीपासून. कधी एखादा सापडतो, कधी नाही सापडत." त्यांनी पाना शर्टाखाली पाठीमागं खोचला. "त्या ट्रॅक्सच्या दिवशी मी मिरजेला गेलो होतो. पुतणीच्या लग्नाला. नाहीतर ते झालंच नसतं."

"चाचा, तुम्ही मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? की तुझ्या बापाचं गॅरेज मी चालवतो?" त्यांचे डोळे भरून आले. "त्यानं मला हातात पाना धरायला शिकवलं. मी त्याच्या पाठीमागं त्याचे नट आवळतो. अल्लाला काय तोंड दाखवू ते माझं मला ठाऊक."

ते गेल्यावर मी दादाला फोन केला.

"झालं काम," मी म्हणाले. "एकदम झकास. एक बोट लावलं तर दांडा उघडतो."

"खरंच?"

"खरंच."

दादा नाक ओढत म्हणाला, "बरं झालं गं. तुला वाटत असेल मला गॅरेज विकायचंय. मला नकोच होतं तसं काही निघायला. रात्र रात्र झोप नाही मला. बरं झालं." त्यानं तीनतीनदा बरं झालं म्हटलं आणि प्रत्येक वेळी मला कुणी तरी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं. पण माघार घेतली नाही. चाचा आहेत, अधूनमधून मी येत जाईन, दोघं मिळून सांभाळू. आणखी वर्ष, दोन वर्षं. माणसाला त्याच्या गॅरेजात मरू द्यावं, एवढंच मागत होते मी.

त्या दिवशी मी तिथंच मुक्काम केला. पिठलं-भाकरी केली, अण्णा पोटभर जेवले आणि बंपरचं कौतुक करत झोपले.

सकाळी मी अंथरुणं आवरून गॅरेजात आले तर अण्णा जीपच्या मागं उकिडवे बसले होते. दांडा उघडा होता. मला लक्षात यायला हवं होतं. नवं काम झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा एकदा बघायचंच, हीही त्यांची रीत. एक रात्र गेली की लोखंड आपापल्या जागी बसतं म्हणायचे.

"कांचे, हिकडं ये."

मी गेले.

"ही रेघ कुनाची?"

"तुमचीच की."

"माझी न्हवं." त्यांनी बोट ठेवलं. "माझी डाव्या हाताची. माझी रेघ हिकडं कलती. ह्या चारी तिकडं कललेल्या हायत. उजव्या हाताच्या."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. "धक्का लागला म्हणून पुसली आणि..."

"चारीला धक्का लागला?"



अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. ते तसेच बसून राहिले, नटांकडे बघत.

"ढिलं हुतं?"

"थोडे."

"कांचे."

"बोटानं फिरत होते, अण्णा."

"चारी?"

मी मान हलवली. हुसेनचाचांचं मात्र सांगितलं नाही. तेवढा मान तरी अण्णांपाशी राहू दे, असं वाटलं.

ते म्हणाले, "इसरलो आसतो तर काय न्हवतं. मानूस इसरतंच. तुझी आई कुकरची शिट्टी इसरायची." त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं. "पन म्या इसरलो न्हाय. म्या आवळलं हुतं गं. मला आठवतंय. ह्यो पयला आवळताना पाना जरा घसरला, मला आठवतंय. चवथ्याला टोला दिला, त्योबी आठवतोय. सगळं आठवतंय." त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "आन् तू म्हनतीस, बोटानं फिरत हुतं."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले आणि रडायला लागले. जनावर दगावलं तरी मालकासमोर मी रडत नाही, पण तिथं माझा इलाज चालला नाही. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हाताला ग्रीसचा वास होता.

"उदयला काय सांगिटलंस?"

मी दचकले. "कशाबद्दल?"

"आगं, मला काय म्हाईत न्हवतं? त्यो मलाबी बोलला हुता. अण्णा, कांचन एक काम घेऊन येतीय, ते नीट करा म्हनला. त्याचं प्वाट तुटतंय माझ्यापायी, दडवाय येत न्हाय त्याला." ते थोडंसं हसले. "म्या म्हनलं, येऊ दे. मलाबी बघायचं हुतं."

"मी सांगितलं, एकदम झकास."

"मग त्याला परत लाव."

"अण्णा, नको. माझ्याकडे चला. हेळवाकला. मी आहे ना."

"तू दिसभर डोंगरात. माझ्याकडं कोन बगनार, तुझी जनावरं?" त्यांनी हात पुढं केला. "लाव फोन."

मी लावला. माझ्या मनानं लावला, की त्यांचं ऐकून, मला आजही कळत नाही. अण्णा फोन कानापासून जरा लांबच धरायचे, म्हणून दादाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"उदय, रविवारी ये गाडी घेऊन... व्हय, मला न्ह्यायला... न्हाय, काय झालं न्हाय. कांची म्हनली काम चांगलं झालं ते खोटं हाय. तिनं मागनं दुरुस्त केलं... आरं, रडतूस काय? तूबी तिच्यावानीच. ऐक. तिला एक अक्षर बोलायचं न्हाय. तिनं बापासाठी केलं... व्हय. रविवारी. आन् येताना ल्हान गाडी आन, मोठी घाटात तापती तुझी."

आवाज एकदा हलला नाही. डेपोत रजेचा अर्ज सांगावा तसं सांगितलं आणि फोन मला दिला. आज त्याला बारा वर्षं झाली. अण्णा पुढं पाच वर्षं पुण्यात दादाकडे होते. शेवटी शेवटी दादाला साहेब म्हणायचे आणि मला ओळखायचे नाहीत. त्या पाच वर्षांत मी पुष्कळ रडले. पण ज्या घटकेची मला अजून भीती वाटते ती त्यातली नाही, ती त्या फोननंतरची.

फोन झाल्यावर अण्णा उठले, हात पुसले आणि मोठा पाना घेतला.

"चारी नट ढिलं कर," मला म्हणाले. "म्या आवळतो. तू बग."

"आवळलेले आहेत, अण्णा."

"तू आवळल्यात. काम माझं हाय. ढिलं कर."

मी केले. ते पहिल्या नटापाशी आले, पाना बसवला आणि सगळं अंग टाकून ओढला. बारीक झाले होते, पण त्या ओढीला म्हातारपण नव्हतं. नट करकरला आणि बसला.

"आवळला?" त्यांनी विचारलं.

"आवळला."

दुसरा. "आवळला?" "आवळला." तिसरा. चौथा. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायचे आणि मी हो म्हटल्यावरच पुढं जायचे. मग बाटली काढून माझ्या हातात दिली. रेघा मी मारल्या, उजव्या हाताच्या, तिकडं कललेल्या. ते पाना घेऊन बाजूला उभे होते.

आता आवरलं, असं मला वाटलं. मी बाटलीचं झाकण लावत होते. तर अण्णा पुन्हा पहिल्या नटापाशी गेले. त्यांनी त्यावर पाना बसवला आणि तसेच थांबले. कपाळावर आठी पडली होती. काही तरी शोधत होते आणि ते हाताशी येत नव्हतं.

"ह्यो आवळला का गं म्या?" त्यांनी विचारलं.

तुम्हाला सांगायला हवं, अण्णांनी जन्मात कुणाच्या सांगण्यावर नट सोडला नव्हता. डेपोत मोठे साहेब म्हणाले, शेवाळे, झालंय ते, तरी अण्णा पाना लावून एकदा ओढायचेच. आईनं गॅस बंद केलाय म्हटलं तरी उठून बघायचे. यावरून तिनं त्यांना आयुष्यभर टोमणे मारले, एकदा तर माझ्या सायकलचे ब्रेकही त्यांनी पाहुण्यांसमोर तपासले होते. कुणी झालं म्हटल्यानं काही होत नसतं, असं ते म्हणायचे. हात लावून बघितल्याशिवाय झालं नाही.

पाना नटावर होता. नुसता ओढायचा. एक झटका, की हातालाच कळलं असतं.

"आवळला, अण्णा," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

मी मनातून ओरडत होते, ओढा. माझं ऐकू नका. मी आत्ताच तुमच्या तोंडावर खोटं बोलले आहे. ओढून बघा तो पाना, अण्णा, एकदा तरी.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी पाना नटावरून अलगद काढून घेतला, चिंधीनं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"तू म्हनतीस," ते म्हणाले, "म्हंजी आवळला आसंल."